भाग तसा आहे

माझा पासपोर्ट वर्षभर अडकून पडला तो माझ्यामुळे. पोलिसांकडून त्यात एका दिवसाचीही दिरंगाई झाली नव्हती. हे वाक्य आज मी सरळ लिहू शकतो, पण त्या वर्षभरात बायकोला, मुलीला, शेजाऱ्यांना आणि ऑफिसातल्या सगळ्यांना मी याच्या नेमकं उलट सांगत होतो. सगळ्यांनी विश्वासही ठेवला. मी म्हणायचो, पोलीस व्हेरिफिकेशनमध्ये पडून आहे, आपला भाग तसा आहे ना. गडचिरोलीत एवढं म्हटलं की पुढचं कोणी विचारत नाही.

‘भाग तसा आहे’ हे आमच्याकडचं सर्वांत कामाचं वाक्य आहे. एसटी उशिरा आली, फोनला रेंज नाही, डॉक्टर रुजू झाला आणि महिन्याभरात बदली करून गेला, शाळेची पुस्तकं जूनऐवजी ऑगस्टमध्ये आली, की आम्ही ते म्हणतो. बाहेरून आलेला अधिकारी ते ऐकून मान हलवतो. त्याच्या डोळ्यांसमोर जंगल आणि बंदूक येते आणि तो गप्प होतो. ते वाक्य खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पुष्कळ वर्षं ते खरं होतं, आणि त्याची किंमत मोजलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. म्हणूनच ते वाक्य मी माझ्या भित्रेपणावर पांघरलं याची मला अधिक लाज वाटते.

मी बांधकाम खात्यात कारकून आहे. अठ्ठावीस वर्षं झाली. फाइल नाकारायची नसते, हे मी पहिल्या दोन वर्षांत शिकलो. नाकारली की माणूस भांडतो, वरच्या साहेबाकडे जातो. फाइल ठेवून द्यायची असते. एक कागद कमी आहे म्हणायचं, साहेब दौऱ्यावर आहेत म्हणायचं, सोमवारी या म्हणायचं. माणूस येत राहतो, मग कमी येतो, मग येत नाही. आपण कधी नाही म्हटलेलं नसतं, त्यामुळे आपल्याला वाईटपणाही येत नाही. मी पैसे खाणारा माणूस नाही. पण फाइल ठेवून देणारा माणूस मी होतो, आणि ही सवय ऑफिसच्या दारात चपलांसारखी काढून ठेवता येत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

माझी बायको आरोग्यसेविका आहे. धानोरा रस्त्यावर, जंगलाच्या कडेच्या एका उपकेंद्रात ती वीस वर्षांपासून आहे. तिथल्या बाळंतपणाच्या खोलीत एका औषध कंपनीचं जुनं कॅलेंडर टांगलेलं आहे. तारखांची पानं कधीच फाटून गेली, वरचं चित्र तिने राहू दिलं. चित्रात एका गावातून कालवा गेला आहे. काठाला उंच, अरुंद, एकमेकांना टेकलेली घरं. पुलाच्या कठड्याला एक सायकल लावून ठेवली आहे. झाडांना नुकती पालवी फुटली आहे आणि खालून जाणाऱ्या माणसांच्या अंगात अजून कोट आहेत. खोलीत बघण्यासारखं दुसरं काही नसल्यामुळे कळा देणाऱ्या बाया त्या चित्राकडेच बघतात. मधल्या उसंतीत विचारतात, बाई, हे कोन्तं गाव? बायको सांगायची, लई दूर आहे, तिथी नदी दारातून जाते. एकदा पलीकडच्या गावातल्या एका बाईने विचारलं, "मंग पूर येत असंन ना घरात?"

बायकोला उत्तर देता येईना. घरी येऊन तिने मला विचारलं, मलाही येईना. दरवर्षी पर्लकोटा आणि वैनगंगा या नद्यांचा पूर पाहणाऱ्या माणसांना पडावा असाच तो प्रश्न होता. त्या बाईला तिने सांगितलं होतं, "माहीत नाई बा. पाहून येईन तवा सांगीन." ती बाई बाळ घेऊन घरी गेली. बायको मात्र ते बोलणं धरून बसली.

आमच्या घरात युरोप आला तो असा. इतर लोक सिनेमा पाहून जातात, शेजारी गेला म्हणून जातात. माझ्या बायकोला एक पूल, एक सायकल आणि तो पुराचा प्रश्न एवढंच पाहिजे होतं. तिने आधी स्वतःचा पासपोर्ट काढून घेतला, मला न विचारता, चंद्रपूरला एका दिवसात जाऊन येऊन. मग चित्राचा फोटो नागपूरला नोकरी करणाऱ्या मुलीला पाठवला. मुलीने गाव शोधून काढलं आणि अशी पालवी तिकडे मार्चच्या शेवटी, एप्रिलच्या सुरुवातीला असते असं कळवलं. त्यातच कळलं की त्या दिवसांत तिकडे गर्दी कमी असते आणि विमानाची तिकिटंही उन्हाळ्यापेक्षा बरीच स्वस्त असतात. बायकोला वाटलं, आपल्यासाठीच जुळून आलं. फक्त ईस्टरच्या सुट्टीत भाव चढतात म्हणून तो आठवडा तिने वहीत लाल पेनाने खोडून टाकला.

ती वही दोनशे पानी होती. त्यात तीनच गावं होती, कारण जितकी गावं जास्त तितकं भाडं जास्त. एका गावाहून दुसरीकडे रात्रीच्या बसने जायचं, म्हणजे एका रात्रीची खोली वाचते. राहायचं हॉस्टेलमध्ये, एका खोलीत सहा पलंग, एकावर एक. तिथे सामाईक स्वयंपाकघर असतं. म्हणून तांदूळ, तूरडाळ, जाडे पोहे आणि जवसाची चटणी इथूनच न्यायची. पाणी विकत घ्यायचं नाही, नळाचं पितात. दिवसातून एकदाच बाहेर खायचं, तेही उभ्याने. संग्रहालयं फुकट असतील त्याच दिवशी. बाकी सगळं पायी. गरम कपडे तिने फेब्रुवारीच्या शेवटी चंद्रपूरला घेतले. थंडीच्या कपड्यांचे स्टॉलवाले गाव सोडण्याआधी मिळेल त्या भावात माल काढतात, हे तिला ठाऊक होतं. माझ्यासाठी निळं जॅकेट आणलं. ते घालून मी आरशासमोर उभा राहिलो तेव्हा ती म्हणाली, "अगदी तिकडचेच दिसता. फक्त तोंड उघडू नका." दोघंही हसलो. मी जरा कमी हसलो.

स्वस्त तिकिटावर सात किलोचीच पिशवी जवळ ठेवता येते. तेव्हा तिने अंगणवाडीतला जुना टांगता काटा, ज्याला झोळी लावून लहान मुलं तोलतात, तो मागून आणला आणि स्वयंपाकघराच्या दाराला अडकवला. पाठीवरची पिशवी ती त्यावर तोलून बघायची. सरावासाठी सात किलो तांदूळ भरून ती रोज सकाळी वैनगंगेच्या पुलाकडे चालत जायची. रस्त्यात लोक विचारायचे, बाई, दळण कुठी घेऊन चालल्या? ती सांगायची, युरोपले. लोकांना ती गंमत वाटायची.

या चालण्याला एक कारण होतं. तिचा उजवा गुडघा झिजला होता. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की अजून दोनेक वर्षं काढता येतील, पुढे ऑपरेशन लागेल. ती स्वतः आरोग्य खात्यातली, तिला या बोलण्याचा अर्थ नीट कळत होता. स्वस्तातला प्रवास म्हणजे पायी प्रवास, लिफ्ट नसलेल्या इमारतीतला तिसरा मजला, पाठीवर सात किलो. हे तिला आत्ता जमणार होतं, नंतर जमणार नव्हतं. सहलीला घाई होती ती एवढ्यासाठी. आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

सुरुवातीला तिचं वाचून दाखवणं मला आवडायचं. जेवण झालं की ती वही उघडायची आणि मी ऐकायचो. पण हळूहळू माझ्या लक्षात आलं की या प्रवासात जिकडेतिकडे काउंटर आहेत. मुंबईत व्हिसाचा काउंटर, विमानतळावर दोन-तीन, तिकडे उतरल्यावर शिक्का मारणारा, मग हॉस्टेलचा. प्रत्येक ठिकाणी आत कोणीतरी बसलेलं आणि बाहेर मी उभा. मी आयुष्यभर आतल्या बाजूला बसलो आहे. बाहेर उभ्या माणसाकडे आतून कसं पाहिलं जातं हे मला नको तितकं माहीत आहे. धोतराच्या सोग्यातून कागद काढणाऱ्या म्हाताऱ्याला मी तिसऱ्यांदा सोमवारी बोलावलं आहे. तो काय बोलतो ते समजत असूनही "काय म्हणता?" असं विचारलं आहे, मागे उभे असलेले लोक हसावेत म्हणून. आता माझं इंग्रजी ऐकून कोणीतरी "काय म्हणता?" विचारणार होतं. आणि ते बायकोसमोर होणार होतं. ती मला कागदपत्रातला वाघ समजते.

मला भीती वाटते, एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. त्याऐवजी मी मार्च एंडिंग पुढे केलं. बांधकाम खात्यात मार्चमध्ये रजा मिळत नाही, बिलं निघायची असतात, हे खरंच आहे. तिने शांतपणे वही उघडली आणि निघण्याची तारीख एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात नेली. "झालं ना?" तिने विचारलं. मी झालं म्हटलं. मग पासपोर्टचा अर्ज करायला मी डिसेंबर उजाडू दिला.

जानेवारीत ठाण्यातून फोन आला. पासपोर्टची पडताळणी बघणारे जमादार बोलत होते. आवाज आदबशीर होता. दोन फोटो, आधार कार्ड आणि शेजारचे दोन साक्षीदार घेऊन या बाबूजी, पंधरा मिनिटांचं काम आहे, म्हणाले. मी बरं म्हटलं आणि गेलो नाही. आठवड्याने पुन्हा फोन आला. मी नागपूरला आहे असं सांगितलं. मी तेव्हा माझ्या टेबलावर बसलो होतो, आणि ठाणं तिथून चालत दहा मिनिटांवर आहे. तिसरा फोन मी उचलला नाही. मग एकदा दुपारी घरी डबा न्यायला आलो तर दाराच्या कडीत एक चिठ्ठी खोचलेली होती. ‘आपण घरी नव्हते. पडताळणीकरिता ठाण्यात यावे.’ खाली तारीख, सही आणि फोन नंबर. ती मी खिशात घातली. बायको संध्याकाळी आली तेव्हा कडी रिकामी होती.

फेब्रुवारीत मोबाइलवर मेसेज आला की अर्जदार पडताळणीला उपलब्ध न झाल्याने प्रकरण परत पाठवलं आहे. तो मी पुसून टाकला. चिठ्ठी मात्र फाडू शकलो नाही. तारीख आणि सही असलेला कागद मी आजवर फाडलेला नाही, हात धजत नाही. ती टेबलाच्या खणात, जुन्या वीज बिलांच्या खाली गेली. आणि बायकोने विचारलं तेव्हा मी ते वाक्य पहिल्यांदा म्हटलं. पोलिसांकडे पडून आहे. भाग तसा आहे.

तिने मान हलवली. तिचा स्वतःचा पासपोर्ट सुरळीत आला होता, पण तिच्या उपकेंद्राचं सौरपंखे मागण्याचं पत्र चार वर्षं कुठेतरी पडून होतं, तेव्हा तिला त्यात नवल वाटलं नाही. रोज सकाळी चालणं तिने चालू ठेवलं, कारण पासपोर्ट कधीही येईल आणि आपण तयार पाहिजे. संध्याकाळी ती मोबाइलवर तिकिटाचे भाव बघायची. ते चढत गेले. आधी ती आकडा मोठ्याने सांगायची, नंतर नुसतीच बघायची. धानोरा रस्त्याला पळस फुलून गेला, मोहफुलं वेचणाऱ्या बायांनी झाडाखालचा पाचोळा जाळायला सुरुवात केली, आणि एके दिवशी ती घरी आल्यावर म्हणाली, "तिकडच्या झाडाले आता पालवी आली असंन." तेवढंच. तांदूळ पिशवीतून काढून तिने डब्यात ओतले. मी तिथेच उभा होतो, वर्तमानपत्र हातात घेऊन.

हे सगळं तेव्हाच बोललो असतो तर नुकसान एका वर्षाचं झालं असतं. मी बोललो नाही. मनाची समजूत घातली की पुढच्या वर्षी बघू, कदाचित तिचाच विचार बदलेल. फाइलबाबत मी नेहमी हेच धरून चालतो.

तिचा विचार बदलला नाही. पावसाळ्यात गुडघा बराच दुखला. जिना उतरताना ती कठडा धरू लागली. दिवाळीनंतर तिने पुन्हा वही काढली, जुन्या तारखांवर नव्या तारखा लिहिल्या आणि पिशवीत सातऐवजी पाच किलो तांदूळ भरले. बाकीचे दोन किलो तुमच्या पिशवीत टाकू, म्हणाली. जानेवारीत तिने विचारलं की पासपोर्टचं काय. मी तेच सांगितलं. या वेळी ती गप्प बसली नाही. वर्षभर कागद दाबून ठेवणारा माणूस कोण आहे ते बघू, वर तक्रार करू, म्हणाली. आणि पुढे म्हणाली, "तुम्ही लिहा. तुमच्यासारखा अर्ज कोणाले जमत नाई."

मी लिहिला. यातलं हेच सांगायला मला सर्वांत जड जातं. कोणाचा दबाव नव्हता. जेवणाच्या टेबलावर बसून, चष्मा लावून, मी त्या जमादारांविरुद्ध तक्रार लिहिली. ‘वारंवार विनंती करूनही’ असं लिहिलं. ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द आधी लिहिला, मग खोडला, आणि ती शेजारी उभी राहून वाचत होती म्हणून पुन्हा लिहिला. खाली सही केली. भाषा चांगली जमली होती, आणि लिहिताना क्षणभर मला त्याचं समाधानही वाटलं. दुसऱ्या दिवशी ड्युटीला जाताना तिने तो अर्ज पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयात स्वतः नेऊन दिला.

दहा-बारा दिवसांनी, एका रविवारी सकाळी, जमादार घरी आले. बायको पल्स पोलिओच्या ड्युटीवर गेली होती. साध्या कपड्यांत, हातात प्लास्टिकची फाइल. वयाने माझ्यापेक्षा लहान असतील. चपला बाहेर काढून आत आले, खुर्चीच्या कडेवर बसले. मी पाणी दिलं.

"बाबूजी, मी तुमाले फोन केलते ना?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं.

"घरीबी आलतो. चिठ्ठी लावली होती."

त्यालाही मी हो म्हटलं.

त्यांनी फाइल उघडून माझ्या अर्जाची प्रत काढली आणि गुडघ्यावर ठेवली. त्यांच्याकडून खुलासा मागवला होता. खुलासा म्हणजे काय हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. तो समाधानकारक वाटला नाही तर सेवापुस्तकात नोंद होते आणि ती नोंद निवृत्तीपर्यंत माणसाच्या मागे चालते. ते माझ्यावर ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"अर्ज वाचला मी," ते म्हणाले. "लई चांगला लिवला. मंग खुलाशात मी काय लिवू, तेबी तुमीच सांगा. खरं लिवलं तर सिस्टरबाई खोट्या पडतात. पूर होता तवा माझ्या बायकोचं बाळंतपण त्याईनं केलं. दोन दिवस घरी नाई गेल्या. त्यायच्या विरोधात मले काई लिवायचं नाई."

मी उठलो, खण उघडला आणि वीज बिलांच्या खालून ती चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. वर्षभरापूर्वीची स्वतःची सही त्यांनी ओळखली. मी म्हटलं की हिची प्रत खुलाशाला जोडा, चूक माझी आहे, मी अर्ज मागे घेतो आणि तुमचा काही दोष नव्हता असं लिहून देतो. त्यांची माफीही मागितली. ती पटकन मागता आली. परक्या माणसाची माफी मागायला मला फारसं काही लागत नाही, हे त्या दिवशी लक्षात आलं. चहाला ते थांबले नाहीत. दारात चपला घालताना एवढंच विचारलं, "बाईले माहीत आहे का हे?"

मी सांगतो म्हटलं.

"आजच सांगा," ते म्हणाले.

त्या दिवशी मी सांगितलं नाही. संध्याकाळी ती थकून आली, गुडघ्याला शेक घेत बसली, आणि मी आधी लेखी काम पुरं करावं असं ठरवलं. लेखी काम मला नेहमीच सोपं वाटतं. सोमवारी पत्र घेऊन मी त्या कार्यालयात गेलो. खिडकीपुढे रांग होती, रांगेत उभा राहिलो. आतल्या कारकुनाने पत्र वाचलं, मान वर न करता म्हणाला, साहेब मीटिंगमध्ये आहेत, दुपारनंतर या. मी तिथेच बाकावर बसून राहिलो. तीन वाजता त्याने पोच दिली. मला कोणी हसलं नाही. कोणाचं माझ्याकडे लक्षही नव्हतं. याच गोष्टीला भिऊन मी वर्ष घालवलं होतं.

मंगळवारी अर्धी रजा टाकून मी उपकेंद्रात गेलो. वीस वर्षांत मी तिथे फार तर चार वेळा गेलो असेन, तेही तिला सोडायला. त्या दिवशी लसीकरण होतं. व्हरांड्यात बाया मुलांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मी बाकाच्या टोकाला बसलो. मला पाहून ती सिरिंज हातात घेऊनच बाहेर आली. कोणाले बरं नाई का, तिने विचारलं. मी म्हटलं, सगळे बरे आहेत, तुझं होऊ दे, थांबतो. शेजारच्या बाईने मला विचारलं, "भाऊ, तुमचं लेकरू कुठी हाय?" मी म्हटलं, मी एकटाच आलो. ती हसली आणि जरा सरकून बसली.

शेवटचं मूल तोलून झालं. सामान ठेवायला ती बाळंतपणाच्या खोलीत गेली तेव्हा मीही मागोमाग गेलो. चित्र भिंतीवर होतं. मी ते आधी नीट पाहिलंच नव्हतं. सायकल मला वाटत होती त्यापेक्षा लहान होती, आणि कालव्याचं पाणी पायऱ्यांच्या अगदी जवळ होतं.

मी उभ्यानेच सांगितलं. फोन, नागपूर, चिठ्ठी, मेसेज, अर्ज, जमादारांचं घरी येणं, कालचं पत्र. क्रमाने सांगितलं, टिपणी लिहितात तसं. ती चादरींच्या घड्या घालत होती. तिने घड्या घालणं थांबवलं नाही.

"म्हणजे त्याईनं नाई अडवला," ती म्हणाली.

"नाई."

"अर्ज द्याले गेली तवा ते तिथीच होते. मी चार लोकांत त्याईले बोलली. म्हटलं, तुमच्यासारख्यायमुळं आमचा भाग मागं राहते. त्याईनं वर मानबी नाई केली." तिने हातातली चादर ठेवली. "काऊन केलं असं?"

मी म्हणालो की मला भीती वाटत होती. काउंटरची, इंग्रजीची, लोक हसतील याची, तिच्यासमोर हसतील याची. मोठ्याने म्हटल्यावर ते फार छोटं वाटलं.

ती पलंगाच्या कडेवर बसली. उजवा पाय लांब करून गुडघ्यावर तळवा ठेवला. बाहेर कोणाचं तरी मूल सुईमुळे अजून रडत होतं. चित्राकडे पाहत, माझ्याकडे न बघता ती बोलली.

"भेव वाटते म्हटलं असतं, तर मी एकटी गेली असती. मागच्याच वर्षी. तवा गुडघाबी धड होता. मी तर तुमच्यासाठी थांबली."

वर्षभर मी समजत होतो की मी फक्त स्वतःला मागे ठेवतोय. ती एकटी जाऊ शकते हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तिचा पासपोर्ट कपाटात तयार होता, तारखा ठरलेल्या होत्या, सात किलो पेलण्याची ताकद तिने रोज चालून कमावली होती. अडलं होतं ते फक्त माझ्या होकारावर, आणि मी ना हो म्हणत होतो ना नाही. टेबलावर ठेवून दिलेल्या कागदामागे कोणीतरी रोज सकाळी तांदूळ पाठीवर घेऊन चालत असतं, हे मी अठ्ठावीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

"व्हिसाले पंधराएक दिवस लागतात," ती हळूच म्हणाली. माझ्याशी बोलत नव्हती, मोजत होती. "एकटीचं यंदाबी जमू शकते."

येताना स्कूटरवर मी एक माफी मनात जुळवून आणली होती, चांगल्या शब्दांची. ती तिथे उपयोगाची नव्हती. मी तिच्यासमोर खाली बसलो, म्हणजे तिला मान वर करावी लागू नये.

"चूक माझी आहे," मी म्हणालो. "पोलिसाची नाई, या भागाची नाई. मी तुले वर्षभर थांबवून ठेवलं आन् रोज खोटं बोललो. तुझ्या तोंडून त्या भल्या माणसाचा अपमान करवला. तुझा गुडघा दुखून राह्यला होता तेबी मले दिसत होतं. मले माफ कर. तू यंदा जा. माझ्यासाठी थांबू नको."